धुक्यांतील आवाज

२०२२ सालच्या जून महिन्याच्या अखेरची गोष्ट. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. बाहेर पावसाळी हवा होती व आठवीच्या वर्गांत दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले होते. आदल्या दिवशीं, म्हणजे २८ तारखेस, मुंबईहून अरबी समुद्रांतील तेलक्षेत्राकडे निघालेलें एक हेलिकॉप्टर तेथील फलाटाजवळ पाण्यांत पडलें. आंत नऊ माणसें होतीं. त्यांपैकीं चौघे दगावले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा करण्याचा मला अधिकार नाहीं, व या लेखाचा तो विषयहि नव्हे. परंतु आमच्या आठवीच्या वर्गांतील एका मुलाचे वडील त्याच समुद्रांत नोकरीस होते. चौदा दिवस फलाटावर व चौदा दिवस घरीं, असा त्यांचा क्रम. ते दुसऱ्या फलाटावर सुखरूप आहेत, हें रात्रींच घरीं कळलें होतें. तरीहि मुलगा सकाळपासून खिडकीबाहेर पाहत बसला होता.

माझा मराठीचा तास चालू होता. मध्येंच तो उभा राहिला व म्हणाला, “सर, ढगांत कांहींच दिसत नसेल, तर हेलिकॉप्टर खालीं उतरतें कसें?”

मला उत्तर ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं असें म्हणण्याचा धीर झाला नाहीं. धडा संपवावयाचा होता. मीं म्हटलें, “वैमानिकांना त्याची संवय असते. खालीं बैस.”

तो खालीं बसला. त्यानंतर त्या सत्रांत त्यानें मला एकहि प्रश्न विचारला नाहीं. मुलगा शहाणा झाला, असें मला वाटलें. तो शहाणा झाला नव्हता. त्यानें माझी आशा सोडली होती. ही गोष्ट कळावयास मला सहा महिने लागले.

डिसेंबरांत स्नेहसंमेलनासाठीं आमचा एक माजी विद्यार्थी आला. तो आतां सैन्यदलांत हेलिकॉप्टर चालवितो. शाळेंत असतांना त्याचें अक्षर वाईट होतें व व्याकरण त्याहून वाईट. त्याच्या वह्यांवर मीं ओढलेल्या तांबड्या रेघा त्याला अजून आठवतात. बक्षीससमारंभ आटोपल्यावर आम्ही व्हरांड्यांत चहा घेत बसलों असतां मीं त्याला त्या मुलाचा प्रश्न सांगितला व माझें उत्तरहि सांगितलें. तो हंसला नाहीं. म्हणाला, “सर, तुमचें उत्तर चुकलें. ढगांत जो अंगच्या संवयीवर विसंबतो, तोच पडतो.”

मग त्यानें जें समजावून सांगितलें, तें मी जमेल तसें येथें मांडतों.

आपल्या कानाच्या आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोकें वळलें कीं नलिका वळते, द्रव किंचित् मागें राहतो, आणि तेथील सूक्ष्म केंस वांकून मेंदूला वर्दी देतात कीं, आपण वळत आहों. परंतु तेंच वळण एकाच वेगानें कांहीं वेळ चालू राहिलें, तर द्रवहि नलिकेबरोबर फिरूं लागतो, केंस सरळ होतात व वर्दी थांबते. माणूस वळतच असतो. कान मात्र ‘सर्व ठीक आहे’ म्हणून सांगतो. पुढें वळण थांबलें म्हणजे उलट दिशेला वळत असल्याचा भास होतो. लहानपणीं अंगणांत गरगर फिरून एकदम थांबल्यावर घरच फिरूं लागल्यासारखें वाटतें, तें याच कारणानें. जमिनीवर डोळे कानाची चूक लागलीच दुरुस्त करितात. ढगांत क्षितिजच नसतें, म्हणून डोळे मुके होतात व कानाची खोटी साक्ष तेवढी उरते. वैमानिकाला खात्रीनें वाटतें कीं आपण सरळ आहों, आणि हेलिकॉप्टर एका अंगावर कलत असतें. “त्या वेळीं,” तो म्हणाला, “सगळें शरीर एक सांगतें आणि समोरचें कृत्रिम क्षितिज दुसरेंच सांगतें. शरीराचें ऐकावयाचें नाहीं, हेंच आम्हांला प्रथम शिकवितात.”

मीं एक शंका काढली. हेलिकॉप्टर तर हवेंत जागच्या जागीं थांबूं शकतें. मग ढगांत थांबून, हळूहळू चांचपत खालीं यावें! तो म्हणाला कीं, पुष्कळांचा हाच समज असतो. एका जागीं थांबतांना वैमानिक सारखा बाहेर पाहत असतो. एखादें झाड, एखादा दगड यांवरून आपण किती सरकलों हें तो ताडतो व क्षणोक्षणीं दुरुस्ती करितो. बाहेरचें कांहीं दिसत नसेल, तर हातांनीं तें साधणें अत्यंत कठीण. वेग कमी होतो तसतसें हेलिकॉप्टर अधिकच अस्थिर होतें. म्हणून ढगांत शिरल्यावर त्यालाहि विमानासारखें ठराविक वेग राखून, आंखलेल्या मार्गानेंच यावें लागतें. जें यंत्र उजेडांत कोठेंहि थांबूं शकतें, त्याला अंधारांत थांबतां येत नाहीं.

मग वाट दाखवावयाची कोणी? येथें रडारचा संबंध येतो. तो गेल्यानंतर मीं सुटींत पुस्तकें काढून ही हकीकत वाचली.

रेडिओच्या लहरी विमानावर आदळून परत येतात व त्यांवरून विमानाचा ठाव लागतो, हें इंग्लंडांत वॉटसन-वॅट व त्याचे सहकारी यांनीं फेब्रुवारी १९३५ मध्यें डॅव्हेंट्री गांवाजवळ प्रयोगानें दाखविलें. पुढें महायुद्धांत शत्रूच्या विमानावर तोफ रोखण्यासाठीं रडार तयार झालें. १९४१ साली अमेरिकेंत लुई आल्व्हारेझ या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें तसलें रडार पाहिलें, तेव्हां त्याचें वय तीस वर्षांचें होतें. त्याच्या मनांत विचार आला कीं, जें यंत्र शत्रूचें विमान पाडण्याइतक्या अचूकपणें त्याचा ठाव घेतें, तें आपलें विमान सुखरूप उतरविण्याच्या कामीं कां येऊं नये? पहिला प्रयत्न फसला. विमान जमिनीजवळ आलें कीं यंत्राला खरें विमान कोणतें व जमिनीवरून परावर्तित होणारी त्याची छाया कोणती, हें कळेना. तेव्हां त्यानें रचना बदलली. एक अरुंद किरण डावी-उजवीकडे फिरणारा व दुसरा वर-खालीं फिरणारा, असे दोन किरण त्यानें योजिले. एकावरून विमान धावपट्टीच्या रेषेंत आहे कीं नाहीं हें समजतें. दुसऱ्यावरून तें योग्य उतारावर आहे कीं नाहीं हें समजतें. १९४३ साली ही यंत्रणा इंग्लंडांत नेऊन तिची परीक्षा घेण्यांत आली. आल्व्हारेझ यांना पुढें १९६८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें अन्य संशोधनाबद्दल.

या योजनेची खुबी अशी कीं, विमानांत कोणतेंहि खास यंत्र बसवावें लागत नाहीं. साधा रेडिओ असला कीं पुरे. जमिनीवर बसलेला नियंत्रक पडद्यावर विमानाचा ठिपका पाहतो व तोंडानें सांगतो. वैमानिक ऐकतो व तसें करितो.

तिची मोठी कसोटी लागली बर्लिन शहरीं. जून १९४८ मध्यें पश्चिम बर्लिनचे जमिनीवरील व पाण्यावरील मार्ग बंद करण्यांत आले. वीस लाखांहून अधिक लोकांचें अन्न व कोळसा विमानांनीं न्यावा लागला. सप्टेंबर १९४९ पर्यंत सुमारें २ लाख ७७ हजार फेऱ्या झाल्या व २३ लाख टनांहून अधिक माल पोहोंचला. तेथील हिंवाळ्यांतील धुकें प्रसिद्ध आहे. त्या धुक्यांतून, रडारपाशीं बसलेल्या माणसाच्या आवाजामागोमाग, कोळशानें भरलेलीं विमानें एकामागून एक उतरलीं. तीं हेलिकॉप्टरें नव्हतीं, हें खरें. परंतु जी रीत तेथें विमानांना उपयोगी पडली, तीच पुढें हेलिकॉप्टरांनाहि लागू झाली. आज नागरी विमानतळांवर बहुधा वैमानिकाच्या समोरील यंत्रच त्याला मार्ग दाखवितें, आणि उपग्रहांचेंहि साह्य मिळतें. तथापि लष्करी तळांवर आवाजाची ही रीत अद्याप राखून ठेविली आहे. कारण विमानांतील दिशादर्शक यंत्र बिघडलें, तरी नियंत्रक केवळ ‘डावीकडे वळा’, ‘वळणें थांबवा’ एवढें सांगून त्याला घरीं आणूं शकतो.

आतां तें उतरणें कसें असतें, हें पाहूं. शेवटचा उतार साधारणपणें ३ अंशांचा असतो. म्हणजे शंभर मीटर पुढें गेल्यावर सुमारें पांच मीटर खालीं. हेलिकॉप्टर ताशीं ९० सागरी मैल, म्हणजे सुमारें १६५ किलोमीटर, या वेगानें येत असलें, तर तें मिनिटाला ४८० फुटांच्या आसपास उतरतें. नियंत्रक प्रथम सांगतो कीं, येथून पुढें माझ्या सूचनांना उत्तर देऊं नका. मग तो बोलूं लागतो, तो थांबत नाहीं. “मार्गावर आहांत. उतार योग्य आहे. किंचित् डावीकडे सरकलां आहांत. दिशा दोन अंश उजवीकडे. मार्गावर येत आहांत. उताराच्या किंचित् वर आहांत. उतार योग्य आहे.” चूक लहान असतांनाच तो सांगतो, म्हणून दुरुस्तीहि लहानच लागते. आवाज चढत नाहीं व उतरतहि नाहीं. ‘किती वेळां सांगावयाचें?’ असें तो कधीं म्हणत नाहीं. आणि सर्व ठीक असेल तेव्हां गप्पहि बसत नाहीं. ‘ठीक आहे’ हेंहि तो सांगतो.

कां सांगतो, तें पुढील नियमावरून कळेल. अमेरिकेंतील पद्धतीप्रमाणें शेवटच्या उतारावर पांच सेकंद आवाज ऐकूं आला नाहीं, तर उतरणें सोडून वर चढावयाचें, असा वैमानिकाला दंडक असतो. पांच सेकंदांत हेलिकॉप्टर सुमारें २३० मीटर पुढें जातें व ४० फूट खालीं येतें. तेवढें अंतर आंधळेपणानें जाणें परवडत नाहीं. मौनाचा अर्थ तेथें ‘ठीक आहे’ असा नसतो. मौन म्हणजे ‘संबंध तुटला’.

हें ऐकतांना माझा चहा निवून गेला होता. मीं त्या मुलाला किती पांच सेकंद मौनांत ठेविलें होतें, याचा हिशेब मनांत चालला होता. आणि समोर बसलेल्या या गृहस्थाच्या वहींत मीं केवळ तांबड्या रेघा ओढल्या. जें वाक्य बरोबर होतें त्याच्यापुढें ‘बरोबर’ असें किती वेळां लिहिलें, तें मला आठवेना.

मीं विचारलें, “पण समुद्रांत कसें? त्या मुलाचा प्रश्न तर समुद्राचा आहे.”

मुंबई हाय हें तेलक्षेत्र १९७४ साली सांपडलें. तें किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटर दूर आहे, आणि तेथील माणसांची ने-आण जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरांनीं होते. तेलाच्या फलाटावर उतारमार्गाचें रडार घेऊन नियंत्रक बसलेला नसतो. अशा ठिकाणांसाठीं उत्तर समुद्रासारख्या प्रदेशांत एक रीत रूढ झाली. हेलिकॉप्टरच्या नाकांत वादळी ढग पाहण्यासाठीं जें रडार असतें, त्याच्याच पडद्यावर फलाटाचा ठिपका ओळखावयाचा. वैमानिक दोघे असतात. एक यंत्रें पाहून हेलिकॉप्टर चालवितो. दुसरा रडारकडे पाहून त्याला दिशा व अंतर सांगतो. तेव्हां तेथेंहि आवाज असतोच. तो दूर जमिनीवरून न येतां शेजारच्या आसनावरून येतो. वाऱ्याला तोंड देऊन जावयाचें. दिवसा समुद्रापासून २०० फुटांच्या व रात्रीं ३०० फुटांच्या खालीं यावयाचें नाहीं. फलाट पाऊण सागरी मैलावर, म्हणजे सुमारें १४०० मीटरांवर, आला आणि तरीहि डोळ्यांना दिसला नाहीं, तर बाजूला वळून वर चढावयाचें. एक क्षणहि अधिक पाहावयाचें नाहीं.

धावपट्टीवरहि अशीच एक मर्यादा असते. बहुधा ती २०० फुटांची, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी असते. हेलिकॉप्टर सावकाश येतें व थोडक्या जागेंत थांबतें, म्हणून अमेरिकेच्या नियमांत त्याला विमानापेक्षां निम्म्या दृश्यतेंत उतरण्याची सवलत आहे. पण तीहि पाव मैलाच्या खालीं जात नाहीं. त्या उंचीवर आल्यावर वैमानिकानें मान वर करून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाचें. दिवे दिसले तर उतरावयाचें. न दिसले तर वर. हा निर्णय नियंत्रक घेत नाहीं. इतका वेळ ज्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलें नाहीं, तोहि येथें त्याच्याऐवजीं पाहूं शकत नाहीं.

आणि वर चढून परत जाणें ही नामुष्की समजत नाहींत. बर्लिनमध्यें १३ ऑगस्ट १९४८ रोजीं शुक्रवार होता. त्या दिवशीं वाईट हवेंत एक विमान धावपट्टीच्या पुढें जाऊन जळालें, आणि मागील विमानांची आकाशांत दाटी झाली. त्यानंतर तेथील प्रमुख जनरल टनर यांनीं नियम केला कीं, ज्याचें उतरणें एकदां हुकलें त्यानें घिरट्या घालूं नयेत. भरल्या मालासह तळावर परत जावें व पुन्हा रांगेंत यावें. दहा टनांच्या आसपास कोळसा घेऊन गेलेला माणूस तो तसाच परत घेऊन येई, आणि त्याला कोणी दोष देत नसे. ती मोहीम यशस्वी होण्याचें हेंहि एक कारण होय.

नाताळची सुटी संपल्यावर मीं आठवीच्या वर्गांत गेलों व प्रथम त्या मुलाला म्हटलें, “जूनमध्यें तूं मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचें उत्तर मला येत नव्हतें. मीं जें सांगितलें तें चूक होतें. आज बरोबर उत्तर सांगतों.” वर्ग स्तब्ध झाला. शिक्षक असें बोलल्याचें त्यांनीं फारसें ऐकलें नसावें.

फळ्यावर आकृत्या काढून सांगितल्यावर आम्ही सर्व मैदानांत गेलों. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला व फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत त्याला आवाजानें आणावयाचें ठरलें. पहिल्या वाटाड्यानें “अरे, तिकडे नाहीं! कळत नाहीं का?” असा ओरडा केला, तेव्हां रुमालवाला जागींच खिळून राहिला. दुसरा वाटाड्या बरा होता, पण मध्यें त्याला हंसूं आलें व तो गप्प झाला. रुमालवाल्याचा एक पाय उचललेला होता. तो त्यानें खालीं टेकविलाच नाहीं. तिसऱ्या खेपेस हा आमचा मुलगा वाटाड्या झाला. हलक्या, सारख्या आवाजांत तो बोलत राहिला: “सरळ. सरळ. थोडा उजवीकडे. बरोबर. सरळ.” रुमालवाला चालत आला व त्याचा हात झाडाला लागला.

परत वर्गाकडे जातांना तो माझ्या शेजारीं आला. “सर, आणि फलाट दिसलाच नाहीं तर?”

“तर परत यावयाचें.”

तो थोडा वेळ चालला. मग म्हणाला, “बाबा एकदां तसे परत आले होते. दुपारीं जेवायलाच घरीं हजर! आई रागावली, म्हणाली, आतां पुन्हा पिशवी भरा.” आणि जूननंतर प्रथमच तो माझ्याकडे पाहून हंसला.

शमुवेलाच्या पुस्तकांतील गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. रात्रीं हांक ऐकून तें लेंकरू वृद्ध एलीकडे धांवत आलें, आणि एलीनें त्याला दोन वेळां परत निजावयास पाठविलें. तिसऱ्या वेळीं मात्र ती हांक कोणाची हें एलीला उमगलें, व त्यानें मुलाला काय उत्तर द्यावें तें सांगितलें. लेंकरू तिसऱ्यांदा आलें, हें एलीचें भाग्य. आमच्या घरांतून व वर्गांतून एकदां ‘खालीं बैस’ म्हटल्यावर कितीशीं मुलें पुन्हा येतात?

म्हणून पालकांस माझी विनंती आहे: मूल धुक्यांत असेल तेव्हां बोलत राहा, चूक लहान असतांना सांगा, आणि ठीक चाललें आहे तेव्हांहि सांगा. एखाद्या वर्षीं परीक्षेंत तें रिकाम्या हातानें परत आलें, तर पिशवी पुन्हा भरून द्या. आणि विद्यार्थिमित्रांनो, ज्याला तुमच्यापेक्षां अधिक दिसतें त्याचा आवाज ऐकण्यांत कमीपणा नाहीं. परंतु अखेरच्या दोनशें फुटांवर मान तुम्हांलाच वर करावी लागेल. तेव्हां दिवे दिसले नाहींत, तर खुशाल वर चढा. वर जागा पुष्कळ आहे, आणि पुन्हा येतां येतें.